फोटो काढा, मूर्ती ओळखा म्हणे! दगडी शिल्पं ओळखणाऱ्या अ‍ॅपचा रिव्ह्यू (अडीच स्टार)

अ‍ॅपचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण या जातीची जी चार-पाच अ‍ॅप आत्ता फिरतायत त्या सगळ्यांची नाडी एकच आहे, नाव बदललं की रंग बदलतो एवढंच. जाहिरात तुम्ही पण बघितली असेल, एक मुलगी पडक्या देवळात फोन समोर धरते, गोल गोल चक्र फिरतं आणि धाडकन नाव, शतक, राजवंश सगळं समोर. मला या दगडांचं वेड आहे, सुट्टी आली की आमची गँग कुठल्यातरी गावात पाराखाली वाकून बसलेली असते, त्यामुळे ट्रायल संपल्यावर मी पैसे भरून वर्षाचं घेतलं. स्वस्त नाहीये, पण दोन मोठ्या पिझ्झ्यांत बसतं म्हणून म्हणलं जाऊदे.

आता सरळ मुद्द्यावर. प्रसिद्ध ठिकाणी हे अ‍ॅप झकास चालतं. वेरूळचं कैलास, बदामी, हंपी, खजुराहो, फोटो दाखवायचा अवकाश की उत्तर हजर. पण त्यात नवल काय, त्या जागांचे लाखो फोटो नेटवर पडलेत आणि खाली नावं पण लिहिलेली आहेत, अ‍ॅपने फक्त तुमचा फोटो त्या ढिगाऱ्याशी जुळवून बघायचा. आणि तिथे तसंही पाटी लावलेली असते, गाईड असतो, अ‍ॅपची गरजच काय?

बरं तिथेही गंमत आहे. घारापुरीच्या मोठ्या तीन तोंडांच्या शिल्पाचा फोटो टाकला तर उत्तर आलं "त्रिमूर्ती, ब्रह्मा विष्णू महेश, खात्री ९४ टक्के". शाळेच्या सहलीत गाईडने हेच सांगितलेलं असतं आणि जुन्या साहेबलोकांनीही हेच लिहून ठेवलं होतं. पण अभ्यासक ते कधीच सोडून पुढे गेलेत. ती तिन्ही तोंडं शिवाचीच. मधलं शांत, आपल्या डाव्या हाताला मिशीवालं उग्र अघोर ज्याच्या हातात साप आहे, आणि उजवीकडे कमळ धरलेलं, कुरळ्या बटांचं, वामदेव किंवा उमेचं मुख. एकदा तो साप आणि ते कमळ नीट बघितलं की ब्रह्मा विष्णू डोक्यातून जातात. अ‍ॅपने साप बघितला नाही, लोकांनी फोटोखाली काय लिहिलंय ते बघितलं. तोच प्रकार वेरूळच्या बत्तीस नंबरच्या लेण्यात. लेणं जैन, नाव पडलंय इंद्रसभा, कारण हत्तीवर बसलेली मूर्ती बघून कोणीतरी इंद्र म्हणलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. तो जैन यक्ष आहे, आणि त्याच्या जोडीला सिंहावर बसलेली, आंब्याच्या झाडाखालची, मूल घेतलेली अंबिका. अ‍ॅपने मला इंद्र आणि दुर्गा दिले. जोडीला इंद्राच्या वज्रावर एक परिच्छेद पण दिला, मूर्तीच्या हातात वज्र नसताना! म्हणजे चूक नवी नाही, माणसांचीच जुनी चूक आहे, पण माणसाने निदान ती नंतर दुरुस्त केली, हे अजून जुनंच पाठ करून बसलंय.

खरी परीक्षा मात्र गावात. सातारा जिल्ह्यातलं एक गाव, नाव नाही सांगत, का ते शेवटी येईलच. देवळाच्या मागे पिंपळ, पिंपळाखाली ओळीने सहा-सात दगड टेकवलेले, काही अर्धे मातीत, काहींना शेंदूर, एकाला कोणीतरी ऑइलपेंट मारलेला, तोही भगवा आणि चंदेरी. त्यातला एक बऱ्यापैकी शाबूत. कमरेएवढा उंच, काळा दगड, सगळ्यात खाली घोडेस्वार आणि त्याच्यासमोर ढाल घेतलेले दोघं, घोड्याच्या पायाखाली एक आडवा पडलेला. अ‍ॅपला दाखवला. चक्र फिरलं. "खंडोबा, अठरावं शतक, मराठा शैली."

घोडा दिसला, तलवार दिसली, महाराष्ट्र दिसला, झाला खंडोबा. पण खंडोबा असता तर घोड्यावर म्हाळसा हवी, सोबत कुत्रा हवा, आणि खाली पडलेला मणी किंवा मल्ल दैत्य हवा. इथे ना म्हाळसा ना कुत्रा. आणि मुख्य म्हणजे अ‍ॅपने दगडाचा फक्त खालचा हिस्सा वाचला, वरचे दोन कप्पे वाचलेच नाहीत कारण तिथे शेवाळ होतं. मी टॉर्च बाजूने, अगदी दगडाला घासून धरल्यासारखा मारला तेव्हा मधल्या कप्प्यात दोन बायका दिसल्या, मधल्या माणसाला दंडाला धरून वर नेणाऱ्या, त्या अप्सरा. त्याच्या वर शिवलिंग, एका बाजूला हात जोडून बसलेला तोच माणूस, दुसऱ्या बाजूला पुजारी. माथ्यावर कलश, दोन्ही कडांना चंद्र आणि सूर्य. म्हणजे चोख वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. खालून वर वाचायचा, खाली मेला, मधे उचलला, वर कैलासात पोचला. खालच्या पट्टीत लढाईच्या ऐवजी गाई कोरलेल्या असतील तर गुरं सोडवताना पडलेला माणूस समजायचा, आणि बोरिवलीच्या एक्सरला तर अशा दगडांवर थेट जहाजं आहेत, वल्ही मारणाऱ्या माणसांच्या रांगांसकट आरमारी लढाई. घोडा असो, गाय असो की होडी असो, कप्प्यांचा क्रम बघितला की दगड ओळखता येतो. शिकायला एक दुपार लागते हो, आणि अ‍ॅपला ते येत नाही.

आता यातला मला सगळ्यात भारी वाटलेला भाग. मी हे सगळं करत असताना मागून एक आजोबा आले, खांद्यावर टॉवेल, हातात तेलाची बाटली, शनिवार होता. मी विचारलं, "आजोबा, हा कोणता देव?"

"आवं ताई, ह्यो आमचा म्हसोबा. रानाची राखण करतुया. फोटू काढा की, पन चपला काढून या."

मी चपला काढल्या. त्यांनी तेल घातलं. मग मी वरचे कप्पे दाखवले, टॉर्च मारून, तर ते नीट वाकून बघत म्हणाले, "मानूस हाय व्हय ह्यो? आसंल. राखणदारच की मंग."

आता सांगा, यात चुकीचं कोण? कोरला तेव्हा तो वीरगळ होता, आज तो म्हसोबा आहे, आणि दोन्ही खरं आहे. दगडाला दोन प्रश्न विचारायचे असतात, घडवला तेव्हा तू कोण होतास आणि आत्ता तू कोणाचा कोण आहेस. दुसऱ्याचं उत्तर फक्त गावाकडे असतं, ते कुठल्याच फोटोत येत नाही. अ‍ॅपने तिसरंच उत्तर दिलं जे पहिल्यालाही लागू नाही आणि दुसऱ्यालाही नाही. माझी मुख्य तक्रार एवढीच आहे, बाकी सगळं त्याच्याच फांद्या.

मुंबईकरांनी याचं सगळ्यात मोठं उदाहरण घराजवळच जाऊन बघावं. परळला १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात एक अख्खी शिळा सापडली, साडेतीन मीटरच्या आसपास उंच, तिच्यावर एकातून एक उगवल्यासारख्या सात मूर्ती आणि खाली वाद्यं घेतलेले गण. पाचव्या-सहाव्या शतकातली धरतात. अभ्यासक म्हणतात हा शिव आहे, पण सात का, नेमकं कोणतं रूप, यावर आजपर्यंत एकमत नाही, कोणी सात स्वरांशी जोडतं कोणी आणखी कशाशी, कारण अशी दुसरी शिळाच कुठे नाही जिच्याशी ताडून बघावं. आणि ती आहे कुठे, तर परळच्या बारादेवीच्या देवळात, लोक देवीच्या भावाने नमस्कार करतात. साच्यातून काढलेली प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, तिथे जवळ जाऊन निवांत बघता येते. प्रतिकृतीचा फोटो मी अ‍ॅपला दिला. उत्तर, "विष्णूचे दशावतार". सात मोजता येत नाहीत का रे बाबा?

पुढचा किस्सा तर अजून भारी. कोकणात गधेगळ दिसला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जमिनीचं दान दिलं की शिलालेख कोरायचा, वर चंद्र-सूर्य म्हणजे ते आहेत तोवर हे दान चालेल, आणि खाली गाढव आणि बाईचं एक उघडंवाघडं चित्र, म्हणजे हे दान जो मोडेल त्याच्या आईवर ही वेळ येईल अशी शिवी, दगडात कोरलेली, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी. शिलाहार राजांच्या काळात कोकणात असे दगड भरपूर. अलिबागजवळच्या आक्षीचा तर फारच महत्त्वाचा, शिलालेखांचे अभ्यासक तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा, मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत त्याचं नाव घेतात, काही जण काळ पुढचा धरतात तो वाद वेगळा. तर मी आमच्या गधेगळाचा फोटो टाकला आणि अ‍ॅपने काय केलं? फोटो धूसर केला आणि लाल पट्टी, "हा मजकूर आमच्या धोरणाविरुद्ध आहे". मी हसत सुटले. आठशे-हजार वर्षांपूर्वीची शिवी अजून काम करतेय म्हणायची!

पण लज्जागौरीच्या वेळी हसू नाही आलं. डोक्याच्या जागी कमळ, गुडघे बाहेरच्या बाजूला दुमडलेले, बाळंतिणीसारखी बसलेली ही देवी दख्खनभर सापडते, तेरला, भोकरदनला, खाली नागार्जुनकोंड्यापर्यंत, बदामीच्या संग्रहालयात तर फारच देखणी आहे. हातात मावतील एवढ्या छोट्या चकत्यांपासून पूर्ण आकारापर्यंत. ती नेमकी कुठून आली, कोणत्या पंथाची, वैदिक की त्याच्याही आधीची, यावर लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. मूल व्हावं म्हणून बायका तिला लोणी लावतात, कुंकू लावतात. म्हणजे ज्या मूर्तीचं मूळ खरोखर अनिश्चित आहे आणि जिथे या असल्या अ‍ॅपने निदान "मतभेद आहेत" एवढं तरी म्हणायला हवं, तिथे त्याने देवीला अश्लील ठरवून पट्टी लावली. सपोर्टला मेल केला, उत्तर आलं की तुमच्या भावनांचा आम्ही आदर करतो. माझ्या भावनांचा प्रश्नच नव्हता ताई, डेटाचा होता.

जैन आणि बौद्ध मूर्तींचं काय होतं ते पण सांगते कारण हा घोळ माणसंही सर्रास घालतात. मांडी घालून, हातावर हात ठेवून बसलेला कोणीही दिसला की अ‍ॅप म्हणतं बुद्ध. अहो अंगावर वस्त्राची रेघ आहे का ते बघा आधी. बुद्धाच्या डाव्या खांद्यावरून चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, गेलेलं असतं, झिजलेल्या दगडातही छातीवर तिरकी कड लागते, बोटाने नाही तरी तिरप्या उजेडात कळते. तीर्थंकराच्या छातीवर बऱ्याचदा श्रीवत्साची खूण, अंगावर काही नाही, उभा असेल तर हात गुडघ्याकडे सरळ सोडलेले. डोक्यावर नागाचा फणा असेल तर फणे मोजा, सात असतील तर बहुतेक पार्श्वनाथ, पाच असतील तर सुपार्श्वनाथ. आणि बुद्धावरही मुचलिंद नावाचा नाग फणा धरतोच, त्यामुळे नुसता फणा बघून उडी मारू नका. पायाशी बैठकीवर काय कोरलंय, सिंह आहे, बैल आहे, शंख आहे, ते सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच मातीत गाडलेलं असतं. आमच्या ओळखीच्या एका गावात तीर्थंकर ग्रामदैवताचा भाऊ म्हणून पूजेत आहे, अंगावर धोतर नेसवलंय, मिशा रंगवल्यात, अगदी सुखात आहे. अ‍ॅपने त्याला "लोकदेवता, विसावं शतक" दिलं. रंगाचं वय सांगितलं, दगडाचं नाही.

रंगावरून आठवलं, शेंदूर. आपल्याकडे अर्ध्या मूर्ती शेंदराच्या आत आहेत. वर्षानुवर्षं तेल-शेंदूर चढत राहिला की आतली मूर्ती गोळा होऊन बसते, दोन डोळे चिकटवले की झालं. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीचं शेंदराचं कवच काढल्यावर आतलं मूळ रूप दिसलं तेव्हा लोक थक्क झाले होते, पिढ्यान्पिढ्या दर्शन घेणाऱ्यांनीसुद्धा ते रूप बघितलेलं नव्हतं. आता ते काम जाणकारांनी परवानगीने केलं, तुम्ही आम्ही नखाने शेंदूर खरवडायला जायचं नाही, स्पष्ट सांगते. पण मुद्दा हा की शेंदराच्या आत काय आहे ते अ‍ॅपला दिसणं शक्यच नाही, तरी ते "माहिती अपुरी" कधीच म्हणत नाही. खात्री कमीत कमी सत्तर टक्के. सत्तरच्या खाली मला आजवर आकडा दिसलेला नाही, मी एकदा मुद्दाम आमच्या पाट्या-वरवंट्याचा फोटो टाकला तर वरवंट्याला पण शिवलिंग, ८१ टक्के!

आणि कहर म्हणजे नोमोली. एका शेताच्या बांधावर, बसलेल्या माणसाचं वीतभर शिल्प होतं, मोठं डोकं, बटबटीत डोळे, दगड मऊसर. अ‍ॅप म्हणालं "नोमोली, सिएरा लिओन, पश्चिम आफ्रिका". पहिल्यांदा वाटलं येडं झालंय. मग घरी येऊन वाचत बसले आणि वाचनात रात्र गेली, यासाठी अर्धा स्टार वाढवून देतेय. तिकडे मेंडे जमातीच्या शेतकऱ्यांना रान नांगरताना, खोदताना संगजिऱ्यासारख्या मऊ दगडाच्या अशा बसक्या मूर्ती सापडतात. कोणी कोरल्या, कशासाठी, ते सापडणाऱ्यांना सांगता येत नाही, कारण त्या त्यांच्या पूर्वजांनी केलेल्याच नाहीत. शैली जुळते ती पंधराव्या-सोळाव्या शतकात पोर्तुगीजांसाठी हस्तिदंती मिठाची भांडी कोरणाऱ्या तिथल्याच सापी लोकांच्या कारागिरांशी, म्हणून अभ्यासक त्यांच्याकडे बोट दाखवतात. पण मेंडे लोकांनी त्या टाकून नाही दिल्या, भाताच्या शेतात नेऊन बसवल्या, पीक चांगलं यावं म्हणून, आणि पीक नाही आलं तर मूर्तीला चोप द्यायचा! शेजारच्या किस्सी लोकांकडे अशाच मूर्ती पूर्वज म्हणून पूजेत. वाचताना मला ते तेलाची बाटलीवाले आजोबा आठवले, रान तेच, राखण तीच. आमचं बांधावरचं शिल्प अर्थातच आफ्रिकेतून आलेलं नाही, शेतमालकाच्या चुलत्याने हौसेने कोरलंय असं नंतर शेजारच्या काकूंनी सांगितलं, चुलते अजून आहेत, मुंबईला पोराकडे असतात. म्हणजे हा एकच दगड असा निघाला ज्याचा मूर्तिकार फोनवर बोलू शकला असता आणि अ‍ॅपने नेमका त्यालाच पाचशे वर्षं मागे दुसऱ्या खंडात पाठवला.

दगडाबद्दल तर अ‍ॅपला काहीच कळत नाही, आणि मला विचाराल तर ओळखायची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. देशावर काळा बेसॉल्ट, कोकण-गोव्यात जांभा. जांभ्यावर बारीक नक्षी टिकत नाही, भोकं भोकं असतात, त्यामुळे जांभ्यातली मूर्ती ओबडधोबड दिसली म्हणून ती "आदिम" होत नाही. आणि जांभ्याच्या मुलखात एखादी गुळगुळीत, नाजूक दागिने कोरलेली मूर्ती दिसली तर दगड बाहेरून आलाय हा पहिला संशय घ्यायचा, मग दगड आला की मूर्तीच घडून आली, कारागीर कुठला, हे पुढचे प्रश्न. अ‍ॅप हे विचारूच शकत नाही, त्याला फोटोत सगळंच करडं दिसतं. एकट्या सुट्ट्या मूर्तीचं तर फारच अवघड. सप्तमातृकांचा पट्टा अखंड असला तर लहान मूल पण ओळखेल, एका टोकाला वीरभद्र, दुसऱ्या टोकाला गणपती, मधे सात जणी, प्रत्येकीच्या खाली तिचं वाहन, शेवटची चामुंडा, बरगड्या मोजता येतील एवढी हडकुळी आणि पोटावर विंचू. पण पट्टा फुटला आणि त्यातली एक तळ्याकाठी नेऊन ठेवली की ती होते साती आसरांपैकी, म्हणजे पाण्याच्या देवतांपैकी एक. हातपंपाशेजारी अशीच एक बाई भेटली, मांडीवर मूल, खाली झिजलेला मोर होता की हंस ते आमच्यात अजून भांडण चालू आहे, मोर असेल तर कौमारी, हंस असेल तर ब्राह्मी. अ‍ॅप म्हणालं "मदर मेरी". मला राग नाही आला खरं सांगते, मूल मांडीवर घेतलेली बाई आहे, त्याने त्याच्या परीने विचार केला.

तसं तज्ज्ञांचंही पहिल्या फटक्यात जमतं असं नाही. इटलीतल्या पाँपेईला १९३८ मध्ये भारतीय बनावटीची एक बाई सापडली, दगडाची नाही हस्तिदंताची, तिला लक्ष्मी म्हणून जाहीर करून टाकलं, नंतर यक्षी असावी म्हणायला लागले, आणि तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती निघाल्या कुठे तर आपल्या तेर आणि भोकरदनला. पण तिथे मत बदलताना का बदललं हे कोणीतरी लिहून ठेवलं, ते वाचता येतं, खोडता येतं. अ‍ॅपला "का?" असं बटणच नाही. तेवढं एक बटण दिलं ना तरी मी चार स्टार देईन. "हातात डमरू दिसला म्हणून भैरव" असं म्हणा, मग मी बघेन डमरू आहे की तुटलेली मनगटाची जागा आहे.

आता चांगलं पण लिहिते, नाहीतर म्हणाल नुसती रडतेय. त्यातली नोंदवही मस्त आहे. फोटो, मोजमाप, दिशा, शेजारी काय आहे, गावात काय म्हणतात, असे रकाने स्वतः बनवता येतात आणि सगळ्याची पीडीएफ होते. कॅमेऱ्यात कॉन्ट्रास्ट वाढवायची सोय आहे त्याने झिजलेल्या रेघा खरंच उठून येतात, सती गेलेल्या बाईच्या आठवणीच्या दगडावरचा, सतीशिळेचा, कोपरात वाकवलेला हात आणि त्यातला चुडा मला एका दगडावर त्यामुळेच दिसला, नुसत्या डोळ्याला तो खांब वाटत होता. पट्टी शेजारी ठेवली की माप आपोआप घेतं, तेही बऱ्यापैकी बरोबर. नेट नसलं तरी नोंदी साठवते. शिलालेख वाचायचं फीचर मात्र विसरा, जुन्या नागरीतलं एक अक्षर धड लागत नाही आणि लागलं नाही की स्वतःच्या मनाने वाक्य बनवतं, ते तर फारच धोक्याचं, कोणीतरी उद्या तेच गावच्या इतिहासात छापेल.

म्हणजे माझा सल्ला विचाराल तर ओळखायचं बटण दाबायचंच नाही, नोंदवही म्हणून वापरा. दुपारी बाराला फोटो काढू नका, सकाळी लवकर नाहीतर उन्हं कलल्यावर जा, सावल्या लांब असतात तेव्हा दगड बोलतो, नाहीतर बाजूने टॉर्च. अक्षरं उठावीत म्हणून त्यावर पीठ, खडू, तेल काही फासू नका, व्हिडिओत करतात म्हणून तुम्ही पण करायला जाल. पाठ बघा, पाठ घडवलेली असेल तर मूर्ती मोकळी उभी होती, खडबडीत असेल तर भिंतीत होती. गावातल्या गुरवाला विचारा, आज्ज्यांना विचारा, कधी हलवली, कुठून आणली, जत्रेत तिला काय दाखवतात, कोंबडं की पुरणपोळी, यातून जे कळतं ते कुठल्या सर्व्हरवर नाही. आणि अडलंच तर जिल्ह्याच्या संग्रहालयात किंवा पुण्यात डेक्कन कॉलेजला नीट फोटो घेऊन जा, तिथली माणसं फटकन नाव नाही सांगत, आधी चार प्रश्न विचारतात, तेव्हाच समजायचं योग्य ठिकाणी आलो.

सगळ्यात वाईट गोष्ट शेवटी ठेवलीय, आणि गावाचं नाव का नाही सांगितलं ते यातच आहे. अ‍ॅपमध्ये "कम्युनिटी मॅप" म्हणून प्रकार आहे. तुम्ही फोटो काढला की जागा आपोआप नकाशावर टिंब होऊन सगळ्यांना दिसते, तुम्हाला न विचारता, इन्स्टॉल करताना जे दहा वेळा "मान्य" दाबतो त्यातच ते दडलंय. आता विचार करा, पिंपळाखाली टेकवलेली, कुलूप नाही, पाटी नाही, कोणाच्या यादीत नाही अशी मूर्ती, आणि तिचा नेमका पत्ता फोटोसकट जगाला. चोराला अजून काय पाहिजे? शंभर वर्षांवरचं शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतं, ते देशाबाहेर न्यायला बंदी आहे, जमिनीत सापडलेलं कलेक्टरला कळवावं लागतं हा तर १८७८ पासूनचा कायदा, पण एकदा गाडीत घातलेली नोंद नसलेली मूर्ती कोणत्या गावची हे सिद्ध कोण आणि कसं करणार. अ‍ॅपमध्ये वर खरेदी-विक्रीच्या जाहिराती पण येतात, "अँटिक स्टोन फिगर, बेस्ट प्राइस", ते बघून तर डोकंच फिरलं, अर्धा स्टार तिथेच गेला.

तेव्हा घेतलंच असेल तर पहिला फोटो काढायच्या आधी सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग "शोध सार्वजनिक करा" बंद, आणि फोनच्या कॅमेऱ्याचं लोकेशन वेगळं बंद, दोन्ही बंद करावी लागतात, एक केलं तर दुसऱ्याने जातं. आधी टाकलेली टिंबं आपली आपल्याला पुसता येत नाहीत, मेल करावा लागतो, मी केला, माझी निघाली पण आठवडाभर मागे लागावं लागलं. ऑटो-रिन्यूअल पण तिथेच आहे, तेही बंद करून टाका, मी केलंय.